पोलक्यातला मोबाईल आणि छातीतला पेसमेकर

कामाला निघालेली बाई मोबाईल कुठे ठेवते? साडीला खिसा नसतो. पिशवी दुसऱ्याच्या घरात कुठेतरी खुंटीला अडकवावी लागते, तिथे फोन ठेवायला मन धजत नाही. मग तो पोलक्यात जातो, बहुतेकींचा डाव्या बाजूला. पुरुषांच्या शर्टाचा खिसाही डावीकडेच. आता हृदयाचा पेसमेकर डॉक्टर कुठे बसवतात ते पाहा. गळ्याखालच्या आडव्या हाडाच्या खाली, कातडीच्या आत, आणि बहुतेक वेळा डाव्याच बाजूला. म्हणजे दोन्ही यंत्रे अगदी शेजारी-शेजारी आली. मध्ये उरते ती कातडी आणि कापडाचा एक पदर.

याबाबत आपल्या घरांत दोन टोकांचे वागणे दिसते. काही घरांत कोणी काहीच सांगितलेले नसते. डिस्चार्जच्या वेळी हातात जी पुस्तिका पडते ती इंग्रजीत असते, ती कागदपत्रांच्या पिशवीत जाते आणि फोन पुन्हा पोलक्यात. दुसऱ्या घरांत भीती इतकी की आजीला पेसमेकर बसला म्हणून तिचा फोनच काढून घेतात, नातवंडांना तिच्याजवळ मोबाईल घेऊन बसू देत नाहीत. दुपारी सगळे कामावर गेले आणि आजी मोरीत पाय घसरून पडली, तर ती कोणाला बोलावणार? पेसमेकर बसवलेल्या माणसाला फोनची गरज इतरांपेक्षा जास्त असते. त्यामुळे पहिले घर जितके चुकते तितकेच दुसरेही चुकते. दोन्ही चुका टाळायच्या तर आत नेमके काय होते ते समजून घ्यावे लागेल. ते अवघड नाही.

रेडिओजवळची टरटर

जुना साधा फोन टीव्हीजवळ किंवा स्पीकरजवळ ठेवला की रिंग वाजण्याआधीच स्पीकरमधून ‘टर्र-टर्र-टर्र’ असा आवाज येतो, हे आपण सगळ्यांनी ऐकले आहे. फोन आला हे आधी स्पीकरला कळते आणि मग आपल्याला! ती टरटर म्हणजेच व्यत्यय. फोन टॉवरशी रेडिओ लहरींनी बोलतो. टूजी फोनची लहर सेकंदाला सुमारे ९० कोटी किंवा १८० कोटी वेळा हेलकावते. इतका वेगवान हेलकावा कोणत्याही कानाला ऐकू येणार नाही. पण टूजी फोन ही लहर सलग सोडत नाही. तो ती तुकड्या-तुकड्यांनी, सेकंदाला २१७ वेळा सोडतो. स्पीकरची वायर नकळत अँटेनाचे काम करते, आतला भाग त्या तुकड्यांना आवाज समजतो आणि टरटर करतो. स्पीकर बिघडलेला नसतो. त्याला जे ऐकायचे नव्हते ते त्याने ऐकलेले असते, एवढेच.

पेसमेकरही ऐकणारे यंत्र आहे. तो दर ठोक्याला हृदयाला ढकलत बसतो असे पुष्कळांना वाटते, पण आजचे पेसमेकर तसे नसतात. त्याची एक किंवा दोन बारीक तारा शिरेतून हृदयात गेलेल्या असतात, प्रत्येक सुमारे अर्धा मीटर लांब. त्या तारेतून तो आधी ऐकतो. हृदयाने स्वतः ठोका दिला का? दिला असेल तर पेसमेकर गप्प राहतो. वाट पाहूनही ठोका आला नाही तर तो आपला बारीकसा विजेचा इशारा पाठवतो आणि हृदय आकुंचन पावते. या गप्प राहण्यामुळे बॅटरीही जास्त टिकते.

हृदयाचा जो संकेत तो ऐकतो तो फार क्षीण असतो, काही मिलिव्होल्टचा. घड्याळातला पेन्सिल सेल दीड व्होल्टचा असतो. त्याचा शंभरावा ते हजारावा भाग धरा. इतके हळू बोलणे ऐकायचे तर कान तिखट हवा, आणि तिखट कानाला गोंगाटाचा त्रासही जास्त. तारेच्या जवळ जोरदार रेडिओ लहर आली तर पेसमेकर तिलाच हृदयाचा ठोका समजू शकतो आणि गप्प बसतो. ज्याचे हृदय स्वतः बऱ्यापैकी चालते त्याला यात काही जाणवणार नाही. पण ज्याचा प्रत्येक ठोका पेसमेकरवर अवलंबून आहे त्याला काही सेकंदांतच चक्कर येईल, डोळ्यांपुढे अंधारी येईल. काही पेसमेकर गोंगाट ओळखतात, ऐकणे सोडून देतात आणि ठरलेल्या वेगाने ठोके देत राहतात. हा त्यांचा बचावाचा मार्ग, आणि तो चांगला.

आयसीडी नावाचे यंत्र थोडे वेगळे. हृदय अचानक भलत्याच वेगाने थरथरू लागले तर ते आतून विजेचा झटका देते आणि माणूस वाचतो. या यंत्राने गोंगाटालाच ती थरथर समजले तर गरज नसताना झटका बसतो. ज्यांनी तो अनुभवलाय ते सांगतात की घोड्याने छातीवर लाथ मारावी तसे होते. म्हणून घरातल्या माणसाला नेमके कोणते यंत्र बसवले आहे, पेसमेकर की आयसीडी, हे घरच्यांना ठाऊक असले पाहिजे.

वीतभर अंतर

हे सगळे नुसते तर्क नाहीत. १९९७ साली अमेरिकेत ९८० पेसमेकरधारकांवर पाच प्रकारचे फोन वापरून ५,५३३ चाचण्या झाल्या. पाचातल्या एका चाचणीत काही ना काही व्यत्यय दिसला, पण त्यातला बराचसा निरुपद्रवी होता. निश्चितपणे गंभीर म्हणावा असा व्यत्यय १.७ टक्के चाचण्यांत आढळला, आणि तोसुद्धा फोन थेट पेसमेकरच्या वर धरला तेव्हाच. फोन नेहमीसारखा कानाला लावून बोलताना रुग्णाला धोका व्हावा असा व्यत्यय एकदाही आला नाही. त्यानंतरच्या पेसमेकरांत तारेच्या तोंडाशीच रेडिओ लहर अडवणारी गाळणी बसवू लागले. वरचा डबा टायटॅनियम धातूचा असतो, त्याचाही आडोसा होतो. नवे फोनही बदलले आहेत. टूजीचा फोन एका तुकड्यात २ वॅटपर्यंत जोर लावू शकतो, फोरजीचा साधारण ०.२ वॅट.

तेव्हा नियम साधा आहे. फोन आणि पेसमेकर यांच्यात किमान १५ सेंटिमीटर अंतर ठेवावे. मोजपट्टी नको. अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंतची आपली वीत यापेक्षा मोठीच भरते. पेसमेकर डावीकडे असेल तर फोन उजव्या कानाला लावावा. फोन पोलक्यात किंवा वरच्या खिशात ठेवू नये. कमरेला अडकवायची कापडी पिशवी, परकराला आतून शिवलेला खिसा, कुर्त्याचा खालचा खिसा, काहीही चालेल. जुन्या बायका कमरेला चंची लावत, ती आता मोबाईलसाठी पुन्हा काढायला हरकत नाही. रात्री फोन उशाखाली किंवा छातीवर ठेवून झोपू नये. एवढे पाळले की आजी नातवाशी हवे तितके बोलो.

अंतराला इतके महत्त्व का, तेही सांगतो. अंतर दुप्पट केले की लहरीचा जोर निम्मा होतो आणि तिच्यातली शक्ती चौथ्या हिश्शावर येते. तीन सेंटिमीटरवरून पंधरावर नेले तर शक्ती साधारण पंचविसाव्या हिश्शावर येते. शेजारच्या खोलीतल्या किंवा समोर बसलेल्या माणसाच्या फोनला म्हणूनच घाबरायचे कारण नाही. गुंडाळायला पाकिटे, ‘रेडिएशन अडवणारी’ स्टिकरे, ताईत असलेही बाजारात विकायला येते. त्यावर एक रुपयाही घालवू नये.

आपल्या घरांपुरती एक गोष्ट मात्र वेगळी आहे. पत्र्याच्या खोलीत, अरुंद गल्लीत, तळमजल्यावर रेंज कमी मिळते. रेंज कमी असली की फोन ओरडून बोलतो, म्हणजे टॉवरपर्यंत पोचायला जास्त जोर लावतो. नंबर लावताना आणि फोन जोडला जाताना हा जोर बहुधा सर्वांत जास्त असतो. तेव्हा पेसमेकर असलेल्या माणसाने खोलीत एकच दांडी दिसत असेल तर दाराबाहेर येऊन बोलावे किंवा स्पीकर लावून फोन समोर ठेवावा. रेंज वाढवायला काही लोक बाजारातून बूस्टर आणून छपरावर बसवतात. परवान्याशिवाय तो लावणे बेकायदा आहे, आणि घरातच आणखी एक लहरी सोडणारे यंत्र येते ते वेगळेच.

चुंबकाची भानगड निराळी

चुंबक म्हणजे रेडिओ लहर नव्हे, पण पेसमेकरच्या बाबतीत दोन्हींचे नाव एका दमात घ्यावे लागते. पेसमेकर आणि आयसीडी तपासताना डॉक्टर मुद्दाम वरून चुंबक ठेवतात. तसे केले की बहुतेक पेसमेकर ऐकणे बंद करून ठरलेल्या वेगाने ठोके देतात, आणि बहुतेक आयसीडी झटका देणे तात्पुरते थांबवतात. दवाखान्यात ही सोय. पण हेच चुंबक नकळत घरात छातीवर आले तर? २०२१ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी आयफोन १२ आयसीडीवर धरून पाहिला. त्याच्या पाठीतल्या चुंबकांमुळे आयसीडीचे काम थांबले. खुद्द कंपनीही फोन १५ सेंटिमीटर आणि वायरविना चार्ज होत असताना ३० सेंटिमीटर दूर ठेवा असे सांगते.

आपल्याकडे आयफोन थोड्यांकडे असतील, पण चुंबक सगळ्यांकडे आहे. पाकिटासारख्या मोबाईल कव्हरचे झाकण, पर्सचे बटण, कानात घालायच्या इअरबडची डबी, आणि कार्यक्रमात स्वागताला छातीवर लावतात तो मागे चुंबक असलेला बॅज. तो बॅज पेसमेकरवाल्या पाहुण्याच्या डाव्या छातीवर लावू नका, पिनेचा लावा किंवा हातात द्या. डीजेच्या मोठ्या स्पीकरमध्येही मोठे चुंबक असते. मिरवणुकीत स्पीकरला टेकून उभे राहू नये, थोडे लांब असले की चुंबकाचे भय नाही. कानाचे आणि छातीतल्या धडधडीचे काय होईल तो विषय वेगळा.

करंट मारणारा फ्रिज

मोबाईलची इतकी चर्चा होते, पण माझ्या मते वस्तीतल्या पेसमेकरधारकाला खरा घोर वेगळ्याच गोष्टीचा असायला हवा. ती म्हणजे अर्थिंग नसलेली वायरिंग. फ्रिजला हात लावला की झिणझिण्या येतात. कूलर पाण्याने भरताना करंट लागतो. मोरीत ओल्या पायांनी उभे राहून मशीनमधले कपडे काढताना चटका बसतो. घरातले म्हणतात, ‘थोडा करंट मारतो, चप्पल घालून जा.’ आपल्याला ती किरकोळ गोष्ट वाटते. पण हातातून शिरून पायातून जमिनीत जाणारा हा करंट छातीतून जातो, आणि तो सेकंदाला ५० वेळा हेलकावणारा असतो. पेसमेकरची गाळणी रेडिओ लहरी अडवते. हा ५० चा हेलकावा हृदयाच्या संकेताच्या इतका जवळचा असतो की तो पूर्ण गाळून टाकता येत नाही. आपल्याला जाणवतही नाही इतक्या करंटने पेसमेकर गप्प होऊ शकतो. आयसीडीने अशा गळक्या करंटला हृदयाची थरथर समजून झटका दिल्याच्या घटना डॉक्टरांनी नोंदवल्या आहेत. वॉशिंग मशीन, पाण्याची मोटर, न्हाणीघरातला गिझर, नेहमीची हीच नावे.

म्हणून पेसमेकर बसवून माणूस घरी यायच्या आधी एक दिवस काढून चांगला वायरमन बोलवावा. तीन पिनांच्या सॉकेटला खरोखर अर्थिंग जोडलेले आहे का, की तिसरे भोक नुसते शोभेचे आहे, ते त्याच्याकडून तपासून घ्यावे. मीटरजवळ ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी बसवावा. गळका करंट या मर्यादेवर गेला की तो क्षणात वीज तोडतो. त्याचा खर्च आहे, पण ऑपरेशननंतर फळांच्या टोपल्या आणण्यापेक्षा नातेवाइकांनी मिळून हा खर्च केला तर जास्त कामाचा ठरेल. घरातल्या लहान मुलांनाही त्याचा उपयोग आहे. आणि जे मशीन करंट मारते ते दुरुस्त होईपर्यंत पेसमेकरवाल्या माणसाने हात लावायचा नाही. चप्पल घालूनसुद्धा नाही.

मिक्सर, टीव्ही, पंखा, इस्त्री ही रोजची यंत्रे धड असतील तर ती वापरायला हरकत नाही, फक्त चालू यंत्र छातीला टेकवू नये. इंडक्शनची शेगडी असेल तर तिच्यापासून ६० सेंटिमीटर, म्हणजे दीड हातभर लांब राहण्याचा सल्ला कंपन्या देतात. शेगडीवर वाकून भाकरी-भाजी करणाऱ्या बाईला ते शक्य नाही. तिने गॅसच वापरावा हे उत्तम.

हाताला काम असते त्यांच्यासाठी

वेल्डिंग, गॅरेज, इलेक्ट्रिकचे काम, बोअरवेलची मोटर दुरुस्ती. आपल्या किती घरांची चूल यावर पेटते हे सांगायला नको. पेसमेकर बसला म्हणजे काम सुटले, असे ठरवून टाकू नका. आणि डॉक्टरला न सांगता आठव्या दिवशी कामावरही जाऊ नका. ऑपरेशनच्या आधीच डॉक्टरला आपले काम नेमके सांगा. ‘कंपनीत आहे’ असे मोघम नको, ‘आर्क वेल्डिंग करतो’ असे सांगा. कोणते यंत्र बसवायचे, तार कोणत्या प्रकारची, ऐकण्याचा तिखटपणा किती ठेवायचा, हे ठरवताना त्यांना ते उपयोगी पडते. दोन टोके जवळजवळ असलेली तार बाहेरचा गोंगाट कमी पकडते.

गॅरेजमध्ये चालू इंजिनाच्या प्लग आणि कॉइलपासून छाती ३० सेंटिमीटर, म्हणजे दोन विती दूर ठेवावी. ड्रिल आणि ग्राइंडर छातीपासून वीतभर लांब धरावे. आर्क वेल्डिंगची गोष्ट मात्र कडक आहे. किती अँपिअरपर्यंत चालेल ते यंत्राच्या कंपनीने ठरवलेले असते, ते डॉक्टरकडून लिहून घ्यावे. ठिणगी आणि छाती यांत किमान ६० सेंटिमीटर हवेत. दोन्ही केबल एकत्र गुंडाळून बाजूला सोडाव्यात, खांद्यावर टाकू नयेत. क्लॅम्प वेल्डिंगच्या जागेच्या जवळ लावावा. ओल्यात काम नाही, एकट्याने काम नाही. चक्कर आली तर लगेच होल्डर खाली ठेवून दूर व्हायचे. पूर्णपणे पेसमेकरवर अवलंबून असलेल्या आणि आयसीडी बसवलेल्या काही जणांना हे काम सोडावेच लागते. तसे असेल तर डॉक्टरकडून लेखी घ्या, म्हणजे मालकाकडे दुसरे काम मागताना हातात कागद राहील.

टॉवरचे काय?

वस्तीत टॉवर उभा राहिला की पेसमेकरवाल्या घरात धास्ती भरते. भारतात १ सप्टेंबर २०१२ पासून टॉवरच्या लहरींची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या दहाव्या हिश्शावर आणलेली आहे. टॉवरवरच्या पट्ट्यांसारख्या अँटेना लहरी समोर, क्षितिजाकडे फेकतात, थेट खाली फार थोड्या येतात. गल्लीतून चालणाऱ्या माणसाच्या पेसमेकरच्या दृष्टीने टॉवरपेक्षा त्याच्याच खिशातला फोन जास्त जवळचा आणि म्हणून जास्त विचार करण्यासारखा. तरीही अँटेना समोरच्या गच्चीच्या अगदी पुढ्यात आली असेल तर तक्रार जरूर करावी. दूरसंचार विभागाच्या ‘तरंग संचार’ या संकेतस्थळावर टॉवरची माहिती पाहता येते आणि मोजणीची मागणीही करता येते. आपली काही मुले टॉवरवर चढून रंगकाम आणि जोडकाम करतात. त्यांच्यापैकी कोणाला पेसमेकर बसला तर चालू अँटेनाच्या तोंडाशी जायचे काम बंद.

मेट्रो स्टेशन, न्यायालय, मोठ्या सभेचे मैदान, इथे धातू शोधणारी कमान असते. तिच्यातून सरळ चालत जावे, तिथे रेंगाळू किंवा टेकू नये. हातातली काठी मात्र छातीवरून फिरवू देऊ नका. पेसमेकरचे कार्ड दाखवा आणि हाताने झडती घ्या म्हणा. तो तुमचा हट्ट नव्हे, ती वैद्यकीय गरज आहे.

दवाखान्यात आपणही जबाबदार

आतापर्यंत शरीरातल्या यंत्रांबद्दल झाले. पण खाटेजवळ उभी असलेली यंत्रेही ऐकतात, मोजतात आणि औषध सोडतात. १९९० च्या दशकात अमेरिकेत विजेवर चालणाऱ्या व्हीलचेअर जवळच्या वॉकीटॉकीमुळे आपोआप हलल्याच्या तक्रारी आल्या. तिथल्या औषध प्रशासनाला १९९४ मध्ये खुर्च्यांना लहरींपासून संरक्षण द्या आणि इशारा छापा, असे कंपन्यांना सांगावे लागले. १९९८ साली डलास शहरात एका दूरचित्रवाणी केंद्राने नव्या डिजिटल प्रक्षेपणाची चाचणी सुरू केली आणि तिथल्या एका मोठ्या रुग्णालयातले बिनतारी हृदय-मॉनिटर बंद पडले. दोघेही एकाच पट्ट्यात बोलत होते. दोन वर्षांनी तिथे वैद्यकीय मॉनिटरसाठी लहरींचा वेगळा पट्टा राखून ठेवण्यात आला.

नेदरलँड्समधल्या संशोधकांनी २००७ मध्ये अतिदक्षता विभागातली ६१ यंत्रे फोनच्या लहरींखाली तपासली. ४३ टक्के यंत्रांत बिघाड दिसला. व्हेंटिलेटर थांबणे, औषधाचा पंप बंद पडणे असले प्रकारही त्यात होते. पण तो बिघाड बहुतेक वेळा फोन अगदी टेकवल्यावर झाला, मधले अंतर फक्त ३ सेंटिमीटर. त्याआधी १९९७ च्या ब्रिटनमधल्या तपासणीत एक मीटरवरून मोबाईलने ४ टक्के यंत्रांना त्रास दिला होता, आणि पोलीस-ॲम्ब्युलन्सच्या वॉकीटॉकीने ४१ टक्के यंत्रांना. म्हणजे वॉर्डात नातेवाइकाच्या खिशातल्या फोनपेक्षा दारातल्या वॉकीटॉकीची काळजी अधिक.

म्हणून रुग्णाला भेटायला गेलात की फोन यंत्रावर, पंपाच्या स्टँडवर किंवा रुग्णाच्या उशाशी ठेवू नका. अतिदक्षता विभागात बाहेरच बंद करून जा. ईसीजी काढताना फोन अंगावर नको, कागदावरच्या रेघा बिघडतात आणि पुन्हा काढावा लागतो. आणि एक गोष्ट, जिचा लहरींशी काही संबंध नाही, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. फोन चार्ज करायला सॉकेट नाही म्हणून मशीनचा प्लग काढू नका. पंप काही वेळ बॅटरीवर चालतो, मग बंद पडतो आणि कोणाच्या लक्षात येत नाही. कोणत्याही रेडिओ लहरीपेक्षा हा प्रकार भयंकर आहे.

दुखऱ्या गुडघ्याला किंवा पाठीला शेक देणारे डायथर्मी नावाचे मशीन फिजिओथेरपीत वापरतात. ते रेडिओ लहरींनीच आतून उष्णता देते. शरीरात कुठेही तार बसवलेली असेल तर हा शेक घ्यायचा नाही, गुडघ्यालाही नाही. तार तापते आणि तिच्या टोकाशी ऊती भाजतात. परदेशात मेंदूत तार बसवलेले रुग्ण यामुळे दगावले आहेत. आरोग्य शिबिरात फुकट शेक मिळतो म्हणून रांगेत उभे राहण्याआधी हे आठवा. एमआरआयच्या आधी आणि कुठलेही ऑपरेशन, अगदी दात काढण्याच्याही आधी पेसमेकर असल्याचे तोंडाने सांगा. कागदावर लिहिले आहे, ते वाचतील, यावर विसंबू नका.

घरातली लहान यंत्रे

बीपीचे मशीन, साखर तपासायचे मशीन, वाफेचे नेब्युलायझर, ऑक्सिजन तयार करणारे मशीन. २०१४ मध्ये सुधारलेल्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार बनलेल्या अशा यंत्रांच्या पुस्तिकेत ‘मोबाईलसारखी साधने ३० सेंटिमीटरपेक्षा जवळ वापरू नका’ असे वाक्य असते. म्हणून बीपी मोजताना फोन टेबलावर शेजारी नको, दोन विती लांब असू द्या. आकडा भलताच आला तर फोन दूर ठेवून पाच मिनिटांनी पुन्हा मोजा, लगेच गोळी वाढवू नका. ऑक्सिजनच्या मशीनला भिंतीतले स्वतंत्र सॉकेट द्या. एकाच बोर्डावर मिक्सर, कूलर, चार चार्जर आणि ऑक्सिजन अशी जत्रा भरवू नका. मिक्सरच्या मोटरमधल्या ठिणग्याही रेडिओ लहरींचा गोंगाट करतात आणि तो वायरीतून चालत येतो.

कानाच्या मशीनमध्ये फोन लावताच गूं-गूं आवाज येतो. त्याने कानाला इजा होत नाही, पण म्हातारी माणसे वैतागून मशीनच काढून ठेवतात आणि पुन्हा बहिरी होतात. फोन थोडा तिरपा धरून किंवा स्पीकरवर बोलून पाहा. नवे मशीन घेताना किंवा शिबिरात मिळताना आपला फोन लावून तिथेच ऐकून घ्या.

चक्कर, डोळ्यांपुढे अंधारी, छातीत धडधड असे काही एखाद्या यंत्राजवळ गेल्यावर झाले तर पहिले काम म्हणजे त्याच्यापासून दूर होणे. बहुतेक वेळा पेसमेकर आपोआप पूर्ववत होतो. तरी त्या दिवशी काय करत होतात ते लिहून ठेवा आणि डॉक्टरला दाखवा, कारण यंत्राच्या आठवणीत त्या घटनेची नोंद राहिलेली असू शकते आणि ते मशीन लावून पाहतात. आयसीडीचा एक झटका बसून माणूस ठीक असेल तर त्याच दिवशी डॉक्टरला कळवा. दोन झटके बसले किंवा शुद्ध हरपली तर थांबू नका, १०८ ला फोन करा.

पेसमेकरबरोबर मिळालेले कार्ड रेशनकार्डाच्या पिशवीत नको, अंगावर असू द्या. त्यावर यंत्राचे नाव, क्रमांक आणि बसवल्याची तारीख असते. त्याचा फोटो घरातल्या दोघा-तिघांच्या मोबाईलमध्ये असावा. इंग्रजी पुस्तिकेतल्या सूचना डॉक्टर किंवा सिस्टर यांच्याकडून मराठीत समजून घेतल्याशिवाय डिस्चार्जच्या कागदावर सही करू नका. यंत्राने दगा दिला असे वाटले तर त्याची तक्रार नोंदवता येते. वैद्यकीय उपकरणांमुळे होणाऱ्या त्रासाची नोंद ठेवणारा सरकारी कार्यक्रम २०१५ पासून गाझियाबादच्या भारतीय औषधकोश आयोगाकडून चालवला जातो. त्याचा मोफत क्रमांक १८००-१८०-३०२४. फोन करताना कार्ड हातात ठेवा, पहिल्यांदा यंत्राचा क्रमांकच विचारतील.